बडोद्यात परवडणारं भाड्याचं घर: कुठे शोधावं, काय तपासावं, कागदावर काय लिहून घ्यावं

वाडीकर

जून लागला की इथे तोच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येतो: बडोद्यात आठ-दहा हजारांत बरं घर मिळेल का? दर वेळी सुटं सुटं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका धाग्यात ठेवू. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

मालक सांगतो ते भाडं वेगळं आणि घर आपल्याला महिन्याकाठी पडतं तो आकडा वेगळा. समजा, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आहे. भायलीला नव्या इमारतीत वन बीएचके ८,५००, मेन्टेनन्स १,५००. तरसालीला जुन्या सोसायटीत तेवढंच घर ९,५००, मेन्टेनन्स ३००. भायलीहून जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरा. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६२४ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल ९५ रुपये धरलं तर १,३१७ रुपये. तरसालीहून जाऊन-येऊन ८ किलोमीटर, म्हणजे ४३९ रुपये. बेरीज केली तर भायली ११,३१७ आणि तरसाली १०,२३९. जे घर हजाराने महाग दिसत होतं, तेच हजाराने स्वस्त पडलं. ही बेरीज घर बघायला निघण्याआधी करा, घर आवडल्यावर ती कुणी करत नाही.

शोध कामाच्या जागेवरून सुरू करायचा. मकरपुरा किंवा पोर गावाकडे काम असेल तर तरसाली, मांजलपूर, दंतेश्वर. नंदेसरी किंवा रिफायनरीकडे असेल तर छाणी, गोरवा. हालोल, सावली, वाघोडियाला जाणारे बहुतेक कंपनीच्या बसने जातात, तेव्हा आधी कंपनीत विचारा की बस कुठून घेते: गोल्डन चोकडी, अमितनगर, सोमा तलाव, कपुराई चोकडी. पहिल्या शिफ्टला पहाटे थांब्यावर उभं राहायचं असतं, म्हणून घर थांब्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर हवं. त्या हिशोबाने हरणी, आजवा रोड, वाघोडिया रोड पाहा. विद्यापीठामुळे फतेगंज, प्रतापगंज, सयाजीगंजात जून-जुलैत मागणी फार असते. तिथेच हवं असेल तर मे महिन्यातच हालचाल करा, नाहीतर निझामपुऱ्याच्या पुढे सरका.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. रेल्वेचे रूळ शहर मधोमध कापतात. जोराच्या पावसात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, पाण्याने भरतं आणि बंद होतं. घर रुळांच्या एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला असेल तर पुलावरून जाणारा रस्ता कोणता, त्याने किती अंतर वाढतं, हेही पाहून ठेवा.

स्वस्त घरं साधारण चार तऱ्हेची: बिनलिफ्टच्या चार मजली इमारतींतले वरचे फ्लॅट, टेनामेंटचा, म्हणजे सोसायटीतल्या सुट्या घराचा, वरचा मजला (जिना बाहेरून असेल तर उत्तम), हाउसिंग बोर्डाची जुनी घरं, आणि दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातले वाडे. तळमजलाही थोडा स्वस्त मिळतो आणि घरात वडीलधारी मंडळी असतील तर सोयीचा पडतो.

तरसालीवाली

वाडीकर काका, बाकी सगळं पटलं, पण तळमजल्याबद्दल इतक्या सहज नका लिहू. बडोद्यात तळमजला स्वस्त असतो तो बऱ्याचदा पुरामुळे. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन्ही पुरांत पाणी कुठे चढलं ते विचारल्याशिवाय तळमजल्याला टोकन द्यायचं नाही. समा, फतेगंजचा नदीकडचा भाग, परशुराम भठ्ठा, अकोटा-मुजमहुडा, कलाली, वडसर इथे तर हा पहिलाच प्रश्न असायला हवा. आणि विश्वामित्री नदीपासून लांब आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. शहरातल्या कांसा (पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले), भूखी काय, रूपारेल काय, नदी भरलेली असली की त्यांचं पाणी पुढे जात नाही, ते मागे सोसायट्यांत शिरतं. आजवा तलावातून पाणी सोडलं की शहरात ऊन पडलेलं असलं तरी नदी चढते.

मालक 'इथे कधी पाणी आलं नाही' असंच सांगणार. नवीन रंग लावला की भिंत काही बोलत नाही, पण या जागा बोलतात:

मीटरच्या पेटीत डोकावा. पेटीच्या आतल्या बाजूला वाळलेल्या गाळाची फिकट तपकिरी रेघ राहते, ती कुणी पुसत नाही. ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड खालून बोटाने दाबा. पाण्यात उभं राहिलेलं प्लाय फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि दार खाली घासतं. दाराच्या लाकडी चौकटी खालच्या फूट-दीड फुटात काळ्या पडलेल्या असतात. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंतच पांढरा खार फुटलेला असेल आणि वर कोरडं असेल, तर ओल जमिनीतून किंवा पुरातून आलेली आहे. छताची गळती वरून खाली उतरते, ही खालून वर चढते. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे स्विचबोर्ड. खालचे प्लग काढून बुजवलेले आणि नवे बोर्ड छातीच्या उंचीवर बसवलेले दिसले, तर त्या घराने पाणी पाहिलं आहे.

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, '२०२४ मध्ये दुकानात किती पाणी होतं?' 'आलं होतं का' असं नाही, 'किती होतं' असं विचारा. तो हाताने उंची दाखवतो.

पहिला मजला घेतलात तरी गाडी खालीच उभी राहणार. सोसायटीची गाड्या ठेवायची जागा रस्त्यापेक्षा खाली आहे की वर, तेवढं बघा.

वाडीकर

तुमचं बरोबर आहे ताई, मी घाईत लिहिलं. तळमजला घ्यायचाच तर जोतं रस्त्यापासून किमान तीन पायऱ्या वर हवं, आणि तरीही वरच्या खुणा बघायच्याच.

फेज_न्यूट्रल

विजेबद्दल लिहितो, कारण भाडेकरू सगळ्यात जास्त फसतो तो इथे.

एमजीव्हीसीएलचं (इथल्या वीज कंपनीचं) घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. म्हणजे तुम्ही राहायला गेल्यावर येणाऱ्या पहिल्या बिलात आधीच्या भाडेकरूचे दिवस असू शकतात. चावी घ्याल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, त्यात मीटरचा क्रमांकही दिसला पाहिजे, आणि तो मालकाला लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवा. करारातही तो आकडा लिहा. घर सोडताना पुन्हा तसंच. मालकाकडून जुन्या लाइट बिलाची प्रत मागा, त्यावरच्या ग्राहक क्रमांकावरून थकबाकी ऑनलाइन दिसते. मीटर बंद करून ठेवलेलं असेल तर पुन्हा जोडण्याचा खर्च कोणाचा, ते आधी ठरवा.

सबमीटर असेल तर जास्त सावध राहा. दर टप्प्यांचा असतो: पहिल्या ५० युनिटांना सर्वांत कमी, पुढे चढत जातो. एका मीटरवर मालक आणि दोन भाडेकरू असले की खालचे स्वस्त टप्पे तिघांत मिळून एकदाच मिळतात आणि बाकीची युनिटं वरच्या दराने पडतात. त्यावर मालक सरसकट युनिटमागे ठरावीक रक्कम लावतो. दोन घरांचं भाडं सारखं असेल तर स्वतंत्र मीटरचं घर घ्या. सबमीटरचंच घ्यावं लागलं तर दर करारात लिहून घ्या आणि मूळ बिल बघायला मिळेल असंही लिहा. सबमीटर नीट चालतो का ते पाहायला घरातलं सगळं बंद करा. तरी मीटरवरचा दिवा लुकलुकत असेल, तर तुमच्या मीटरवरून दुसऱ्याचं काहीतरी चालू आहे: बहुतेक वेळा जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटर.

दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा ते दीड युनिट घेतो. रोज सहा तास धरले तर महिन्याला २२५ ते २७० युनिटं. वरच्या मजल्यावर घर घेतलं तर हा खर्चही धरा.

छाणी_जकातनाका

वरच्या मजल्याचं मी पुढे लिहितो. बिनलिफ्टचा चौथा मजला पाचशे-हजाराने स्वस्त असतो, पण त्याच्यावर थेट गच्ची असते. बडोद्याच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत उष्णता घरात सोडत राहतो. घर संध्याकाळी सात-साडेसातला बघायला जा. छताला हात पोचत नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. सूर्य मावळल्यावरही भिंत कोमट लागली तर उन्हाळ्याची कल्पना येते. गच्चीवर चढून पाहा: चायना मोझेक किंवा पांढरा थर असेल तर फरक पडतो, उघडं काळवंडलेलं सिमेंट असेल तर नाही. मालक तयार असेल तर गच्चीला चुन्याचे किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचे दोन हात मार्च महिन्यात द्यायला सांगा. भाडं कमी करून घेण्यापेक्षा हे मागणं जास्त उपयोगाचं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीखालचं छत तपासा. ओल तिथे आधी उतरते.

नवीन_इथे

खूप छान माहिती मिळतेय. आम्ही तिघं जण, मी, पत्नी आणि आई, जुलैपासून मकरपुऱ्यात रुजू व्हायचंय. पाण्याचं कसं तपासायचं? आणि दलाल घ्यावा की नाही?

तरसालीवाली

पाण्याचं मी सांगते. कॉर्पोरेशनचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं आणि थोडाच वेळ येतं. तुमच्या सोसायटीला कोणत्या टाकीतून येतं त्यावर वेळ ठरते. शेजारणीला वेळ विचारा आणि नेमक्या त्या वेळेला घर बघायला जा. दलाल दुपारी नेतो, तेव्हा नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी असतं, त्यावरून काही कळत नाही.

१५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ, एवढंच लागतं. खालच्या मूळ नळाला बादली लावा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा मापदंड आहे, तिघांचे ४०५ लिटर. त्या वेगाने ४० मिनिटं पाणी आलं तर तुमचं भागतं. तीन मिनिटं लागली तर नाही भागत, मग बोअर किंवा टँकर. टँकरचे पैसे मेन्टेनन्समध्ये धरलेले आहेत की वेगळे काढतात, ते चेअरमनना विचारा.

लाइनीला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्या गल्लीत घर घेऊ नका. ते नियमाविरुद्ध तर आहेच, शिवाय ओढ बसली की जुन्या पाइपाच्या भेगांतून बाजूच्या गटाराचं पाणी आत शिरतं. पहिल्या दोन मिनिटांचं पाणी पारदर्शक बाटलीत घ्या, दहा मिनिटं ठेवा, तळाशी काय बसतं ते बघा, वास घ्या.

शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत नुसतं बोअरचं पाणी असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक धरलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सोसायचं. आकडा बाराशे-पंधराशे निघाला तर आरओचा खर्च धरा, गिझरच्या कॉइलवर क्षार बसतो, डाळ शिजत नाही, केस चिकट राहतात. नळाच्या तोंडावर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर दिसला तर मीटरचीही गरज नाही.

पाचवी_चोकडी

दलालाबद्दल. बडोद्यात भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं दलाली घेतात. ९,५०० च्या घरावर ती ११ महिन्यांत विभागली तर महिन्याला ८६४ रुपये. म्हणजे घर तुम्हाला १०,३६४ ला पडलं. थेट मालकाचं १०,००० चं घर त्याहून स्वस्त, हे लक्षात ठेवून भाव करा. करार नवा करताना दलाल पुन्हा अर्धी दलाली मागतो. पहिल्याच दिवशी 'नूतनीकरणाला दलाली नाही' असं मेसेजवर लिहून घ्या.

तरी दलाल सरसकट टाळा असं मी म्हणणार नाही. ज्याला एका शनिवार-रविवारात घर ठरवायचंय आणि शहरात ओळख नाही, त्याला चांगला दलाल सहा घरं एका दिवसात दाखवतो. वेळ असेल तर मात्र पायी फिरा. ज्या दोन-तीन सोसायट्या पसंत आहेत तिथल्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला विचारा. घर रिकामं होणार हे त्यांना पाटी लागण्याच्या महिनाभर आधी माहीत असतं. दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्याकडे आपली मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्यातली बरीच घरं कुठेही जाहिरात न होता ओळखीवर जातात. ऑफिसातल्या मराठी माणसांना विचारायला लाजू नका.

भाव करायचा हंगाम असतो. श्राद्धपक्षात आणि कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंतच्या अशुभ मानलेल्या काळात, इथे फारसं कुणी घर बदलत नाही. ज्याचं घर तेव्हा रिकामं पडलंय त्याला दोन महिन्यांचं भाडं बुडताना दिसत असतं. अशा वेळी पाचशे-सातशे सहज सुटतात. जुलैत रुजू होणाऱ्याला ही सोय नाही. त्याने भाड्याऐवजी डिपॉझिट कमी करून घ्यावं किंवा रंगकाम, नवा गिझर मागावा, ते मालक लवकर देतो.

आणि घर न बघता एक रुपयाही पाठवू नका. जाहिरातीत भाडं आजूबाजूच्यापेक्षा फारच कमी, मालक 'फौजेत आहे, बदली झाली आहे', ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि 'सोसायटीचा गेटपास काढायला' पैसे मागतो, ही ठरलेली फसवणूक आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार.

नवीन_इथे

धन्यवाद. एक विचारायचं राहिलं, आम्ही मासे-मटण खातो. सोसायटीत अडचण येते का?

पाचवी_चोकडी

येते, आणि ती टोकन दिल्यावर कळली तर पैसे अडकतात. मालकाला चालतं पण सोसायटीला चालत नाही, असंही होतं. म्हणून मालकाला आणि चेअरमनना, दोघांनाही, पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. लपवून घर घेऊ नका. आईंना तिथे दिवसभर राहायचंय, शेजाऱ्यांशी कुरबुर झाली तर त्यांनाच सोसावी लागेल. ज्या इमारतीत आधीपासून मिश्र वस्ती आहे ती शोधा.

कारकून

आता कागद.

टोकन देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: कॉर्पोरेशनचं वेरा बिल (घरपट्टी), लाइट बिल, मालकाचं ओळखपत्र. तिन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे. वेरा बिलावरच्या सेन्सस नंबरवरून वेरा थकलाय का तेही कळतं. नाव वडिलांचं आणि भाडं मुलगा घेतोय, तर वडिलांची सही किंवा त्यांनी दिलेलं मुखत्यारपत्र हवं. वडील हयात नसतील तर वारसांपैकी कोण सही करतंय आणि बाकीच्यांची लेखी संमती आहे का, हे विचारा. भावाभावांच्या वादात भाडेकरू मधे सापडतो आणि डिपॉझिट कोणी परत करायचं यावर दोन्ही बाजू हात झटकतात. दारावर किंवा खाली सूचनाफलकावर बँकेची नोटीस लावलेली नाही ना, तेही पाहा.

करार ११ महिन्यांचा का, तर एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सक्तीची आहे. गुजरातेत एप्रिल २०२५ पासून वर्षाच्या आतल्या राहत्या घराच्या भाडेपट्ट्याला ठरीव ५०० रुपये मुद्रांक आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हा घोळ अनेकांच्या डोक्यात असतो. नोटरी फक्त सह्या तुमच्याच आहेत एवढं सांगतो.

छापील नमुन्यावर डोळे मिटून सही करू नका. ही कलमं त्यात घालून घ्या:

डिपॉझिटची रक्कम, ते कशाने दिलं, आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत. 'हिशोब झाल्यावर' असं लिहिलेलं चालणार नाही, '७ दिवसांत' असं लिहा. इथे दोन महिन्यांचं डिपॉझिट रीतसर आहे, तीनच्या वर गेलं तर भाव करा. रोख देऊ नका. द्यावंच लागलं तर सहीची पावती घ्या.

रंगाचे पैसे. सोडताना डिपॉझिटमधून सरसकट एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापतात. हे आधीच काढून टाका किंवा '११ महिन्यांच्या आत सोडल्यास' एवढ्यापुरतं ठेवा. वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही, हे वाक्य लिहाच.

नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, एक महिना. करारात काहीच लिहिलं नसेल तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस लागते, आणि आईला घेऊन १५ दिवसांत घर शोधणं कठीण आहे. लॉक-इन (ठरावीक महिने घर न सोडण्याची अट) असेल तर तो मालकालाही लागू हवा.

मेन्टेनन्स कोण भरणार, भाडेवाढ किती टक्के, आणि मोठी दुरुस्ती (गळती, ड्रेनेज, मोटर) मालकाची. छोटी दुरुस्ती म्हणजे किती रुपयांपर्यंत, तो आकडा घाला.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे. पोलीस आयुक्तांचा तसा जाहीरनामा असतो आणि तो मोडला तर गुन्हा दाखल होतो. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर किंवा सिटिझन फर्स्ट अॅपवर ही नोंद होते, ठाण्यात फॉर्म भरूनही होते. प्रत तुमच्याकडे ठेवा, पुढे पत्त्याच्या चौकशीला उपयोगी पडते.

पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) असेल आणि तुम्ही जुनी करपद्धत घेतली असेल, तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. महिन्याला ८,३३३ च्या वरचं प्रत्येक घर यात आलं. काही मालक पॅन द्यायला नकार देतात. घर ठरवण्याआधी विचारा.

छाणी_जकातनाका

मालक अमेरिकेत किंवा लंडनला असेल तर? बडोद्यात अशी घरं भरपूर आहेत, आणि भाडंही वाजवी असतं, कारण त्यांना घर सांभाळणारा माणूस हवा असतो.

कारकून

हे महत्त्वाचं विचारलंत. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस (पाण्याचा नव्हे, आगाऊ कापायचा आयकर) कापून सरकारात भरायचा असतो. दर ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. निवासी मालकासाठी असलेली महिन्याला ५०,००० ची मर्यादा इथे लागत नाही, ८,००० च्या भाड्यालाही हा नियम आहे. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागतं. मालकाने आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तर कपात कमी होते. भाडं इथल्या नातेवाइकाच्या खात्यात भरलं म्हणून जबाबदारी जात नाही, घर ज्याच्या नावावर आहे तो कुठे राहतो हे धरलं जातं. मालकाने हे सगळं समजून तयारी दाखवली तरच असं घर घ्या. शिवाय इथे सही करणाऱ्याचं मुखत्यारपत्र वाचा. त्यात भाड्याने देण्याचा आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे.

वाडीकर

हाउसिंग बोर्ड आणि वाडे यांच्याबद्दल मी सुरुवातीला नुसता उल्लेख केला होता, आता सविस्तर.

जुन्या वाड्यात भाडं कमी, बाजार, दवाखाना, देऊळ सगळं पायाखाली, आणि जाड भिंतींमुळे उन्हाळा सोसवतो. अडचणी म्हणजे गाडीला जागा नाही, संडास सामाईक असू शकतो आणि लाकडाला वाळवी. तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे चावीने ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, वाळवीने खाल्लेलं भद्द वाजतं आणि चावीचं टोक आत रुततं. भिंतीवर मातीची बारीक शीर वर चढलेली दिसली तर वाळवी चालू आहे. आणि विचारायचंच: कॉर्पोरेशनच्या निर्भयता शाखेची नोटीस आलीय का? जीर्ण इमारतीला ही नोटीस येते आणि ऐन पावसाळ्यात पाणी-वीज तोडून घर रिकामं करायला लावतात.

हाउसिंग बोर्डाच्या जुन्या इमारतींनाही तेच. गॅलरीच्या खालच्या बाजूला सळई उघडी पडून गंजलेली असेल तर ती गॅलरी धोक्याची. पुनर्विकासाला सभासदांची संमती झाली असेल तर सहा महिन्यांतही बाहेर पडावं लागतं, म्हणून नोटिशीचं कलम इथे दोन महिन्यांचं करून घ्या.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी भाड्याने घेऊ नका. वाटपाच्या अटीतच भाड्याने देण्याला मनाई आहे. तपासणीत सापडलं की घराला सील लागतं आणि सामान आत राहतं.

फेज_न्यूट्रल

गॅसचं राहिलं. बऱ्याच सोसायट्यांत वडोदरा गॅसची पाइपलाइन आहे. मीटरच्या आकड्याचा फोटो इथेही काढा. सिलिंडरवरची शेगडी पाइपच्या गॅसला तशीच लावली तर ज्योत बारीक आणि अशक्त येते, कारण पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. जेट बदलून घ्या, ड्रिलने भोक वाढवायचा उद्योग करू नका. पाइपलाइन नसेल आणि जोडणी बदलून यायला वेळ असेल, तर पाच किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

तरसालीवाली

चावी हातात घेताना एक काम उरतं. सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करा, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशीचे तडे, सगळे नळ उघडून, सगळे फ्लश ओढून, गिझर लावून. न्हाणीत दोन बादल्या पाणी ओता आणि ते जाळीकडे किती वेळात जातं ते दाखवा. शेवटी वीज आणि गॅस मीटरचे आकडे. हा व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत टेम्पो उतरवू नका. 'नवीन_इथे', तुम्ही जुलैत येताय, म्हणजे पावसात घर बघणार. त्याचा फायदा घ्या: दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर, छत्री घेऊन, दुसऱ्यांदा जा.

नवीन_इथे

तरसाली आणि मांजलपूरची चार घरं निवडली आहेत. बादली, टीडीएस मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शनिवारी सकाळी पाण्याच्या वेळेला जातो. चारही घरांची महिन्याची बेरीज इथे टाकतो, तपासून सांगा.

वाडीकर

टाका. त्यासोबत वेरा बिलावरचं नाव आणि २०२४ मध्ये गल्लीत किती पाणी होतं, हेही लिहा.